डक्टमध्ये औषध मारण्याआधी टॉर्च मारा

ताई, नमस्कार. आम्ही त्रिमूर्तीनगरला राहतो. सासऱ्यांनी बांधलेलं दुमजली घर आहे. गच्चीवर मोठा डक्ट कूलर आहे, त्याचा पत्र्याचा डक्ट चार खोल्यांत उतरवलाय. यंदा होळीनंतर पहिल्यांदा सुरू केला तर ग्रिलमधून काळा भुसा पडला, सासूबाईंच्या पांढऱ्या चादरीवर ठिपकेच ठिपके. कूलर लावला की कुबट वासही येतो. सासूबाईंना दमा आहे आणि 6 वर्षांच्या मुलीला सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू होतात. एक डक्ट क्लिनिंगवाले येऊन गेले. त्यांनी हॉलमध्ये काचेची बशी उघडी ठेवली, चार दिवसांनी त्यात उगवलेली बुरशी दाखवली आणि म्हणाले, हे तुम्ही रोज श्वासातून घेताय. सफाई, सॅनिटायझेशन आणि वर्षाचा करार मिळून 22,000 रुपये. नवरा म्हणतो, आईच्या तब्येतीपुढे पैशाचं काय. शेजारच्या काकू म्हणतात, कूलरच्या टाकीत झाकणभर फिनेल टाक, सगळं मरतं. मी काय करू?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

नमस्कार,

22,000 रुपये आजच देऊ नका. तुमचा डक्ट झाडून घ्यायची गरज असेलही, पण त्यात औषध फवारायची बहुधा नाही. आणि चादरीवरचा भुसा आणि कुबट वास या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या गृहस्थांनी दोन्हींची एकच मोट बांधली आणि वर बशीतली बुरशी ठेवली.

आधी त्या बशीचं बघू. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तुमच्या हॉलमध्ये, माझ्या स्वयंपाकघरात, अंबाझरीच्या बागेत, कुठेही अशी बशी उघडी ठेवून उबेत चार दिवस सांभाळली तर काही ना काही उगवणारच. उगवलं नसतं तर नवल. तसली चाचणी काही सांगायला हवी असेल तर त्याच वेळी घराबाहेरही एक बशी ठेवावी लागते आणि आत-बाहेर काय काय उगवलं याची प्रयोगशाळेत तुलना करावी लागते. नुसती एक बशी डक्टबद्दल काहीही सांगत नाही. विकायला आलेला माणूस काय करतो, एवढंच त्यातून कळतं.

आता मूळ मुद्दा. डक्ट सफाईबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक एसीच्या डक्टबद्दल असतं. तिथे घरातलीच हवा ओढून, थंड करून परत घरात सोडतात. एकच हवा फिरत राहते. तुमचा कूलर उलटा चालतो. तो गच्चीवरची ताजी हवा ओढतो, ओल्या पॅडमधून काढतो आणि खोल्यांत ढकलतो. ती हवा खिडक्यांतून बाहेर गेली तरच पुढची आत येते. म्हणजे तुमच्या घरातली धूळ बव्हंशी बाहेरची आहे, आणि डक्ट हा नुसता रस्ता आहे. पण हा रस्ता जुलैपासून होळीपर्यंत बंद पडलेला असतो. त्या काळात त्यात कोण राहून गेलं, हे बघितल्याशिवाय कळायचं नाही.

बघायचं कसं? वासापासून सुरुवात करा, ते सोपं आहे. टाकी रिकामी करा, पॅड उन्हात पूर्ण वाळू द्या आणि पंप न लावता नुसता पंखा चालवा. वास आला नाही, आणि पंप सुरू करून पॅड भिजल्यावर आला, तर दोष पॅडचा आणि टाकीचा, डक्ट निर्दोष. गेल्या वर्षीचीच खस तशीच ठेवली असेल तर हेच होणार. ओल्या गवतावर पावसाळाभर शेवाळ आणि बुरशी पोसली जाते आणि मार्चमध्ये पाणी लागलं की ती घमघमते. खस किंवा वूड वूल, म्हणजे लाकडाच्या तंतूंचं पॅड, दर हंगामाला नवंच हवं. हनीकोंब पॅड काही हंगाम टिकतात, पण त्यांवर पांढरा क्षार चढून भोकं बुजली की तेही काढायचे. याउलट कोरड्या पंख्यालाच वास आला तर डक्टमध्ये काहीतरी मेलंय किंवा कुजलंय. मग सफाई हवीच, आणि लवकर.

आता काळा भुसा. नागपुरात कुठेही काळं दिसलं की आपण कोराडीच्या वीज केंद्राकडे बोट दाखवतो. कोराडी-खापरखेड्याची राख खोटी नाही, तिकडच्या गावकऱ्यांना विचारा. पण ती राखाडी असते आणि पिठासारखी बारीक. पांढऱ्या चादरीवर ठिपके पाडणारा काळा भुसा बहुधा घरचाच असतो. कूलर बंद करून, वीज मुख्य स्विचवरून तोडून, मेकॅनिकला कूलरची एक बाजू उघडायला सांगा. डक्ट कूलरचा ब्लोअर बहुतेक वेळा मोटर आणि रबरी पट्ट्यावर चालतो. आठ महिने एका जागी ताणून राहिलेला पट्टा कडक होतो, पुली तिरकी असेल तर कडेनं झिजतो आणि त्याची काळी पावडर खाली साचते. पहिल्या दिवशी पंखा सुरू झाला की ती सगळी सरळ तुमच्या ग्रिलमधून बाहेर. चिमटीत धरून चोळा. रबराची पावडर बोटाला काजळासारखी लागते. हातात कुरकुरीत तुकडे आले तर आतलं फोम बघा. आवाज कमी व्हावा म्हणून डक्टच्या सुरुवातीच्या भागात काही जण आतून फोम लावतात आणि जुनं झालं की ते झडतं. पट्टा असेल तर पट्टा बदला, पुली सरळ करून घ्या. फोम असेल तर ते काढूनच टाकावं लागेल. दोन्हींवर सॅनिटायझेशनचा काडीचा उपयोग नाही.

तिसरं, ग्रिल काढा. चार स्क्रू असतात. मोबाइलची टॉर्च लावून हात आत घाला आणि व्हिडिओ काढा. चारही ग्रिलचे काढा, कारण गच्चीजवळच्या आणि खालच्या टोकाच्या डक्टची परिस्थिती फार वेगळी असते. पत्र्याच्या तळाला करड्या धुळीचा पातळ थर दिसेल. त्याला घाबरू नका. तो जागेवर चिकटलेला असतो, रोज उडत नाही. पण पिसं, गवताचं घरटं, उंदराच्या लेंड्या, पालीचा सांगाडा, धुळीचे लोंबणारे गोळे, पत्र्यावर काळे-हिरवे बुरशीचे डाग किंवा साचलेलं पाणी यातलं काही दिसलं तर डक्ट झाडून घ्यायचा.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं मतही साधारण असंच आहे. डक्ट साफ केल्यानं आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही. तेव्हा दर वर्षी नेमानं नको, पण आत डोळ्यांना दिसणारी बुरशी असेल, उंदीर-किडे असतील किंवा धुळीनं डक्ट तुंबून ती खोलीत पडत असेल तर करा, असं ती संस्था सांगते. त्यामुळे वर्षाच्या कराराला तूर्तास नमस्कार.

सफाई करायचीच ठरली तर ती कशी होते हे माहीत असू द्या. नीट काम करणारा माणूस आधी सगळी ग्रिल प्लास्टिकनं बंद करतो. मग डक्टच्या एका टोकाला मोठा व्हॅक्यूम लावून आतली हवा उलटी ओढत ठेवतो आणि दुसऱ्या टोकाकडून फिरता ब्रश घालत येतो, म्हणजे निघालेली घाण खोलीत न येता मशीनमध्ये जाते. त्या व्हॅक्यूमची हवा घराबाहेर सोडायची, किंवा त्याला हेपा फिल्टर हवा. असा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. ब्रश जाण्यासाठी पत्र्याला भोक पाडावं लागलं तर त्याला झाकण आणि रबर लावून बंद करून द्यायला हवं. आणि ब्लोअरची पाती साफ झालीच पाहिजेत. पात्यांवर मातीचा लेप तसाच ठेवून डक्ट चकचकीत केला तर आठवड्यात पुन्हा तेच. ग्रिलमध्ये नुसता घरगुती व्हॅक्यूमचा पाइप फिरवून तासाभरात चार खोल्या उरकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा; तो आत बसलेली धूळ सैल करून जातो. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो त्याच जागेचे, त्याच ग्रिलचे मागा. त्या दिवशी सासूबाई आणि मुलगी घरात नकोत. नणंदेकडे, माहेरी, कुठेही पाठवा, पण पाठवा.

आणि सॅनिटायझेशन? दमेकरी माणसाच्या घरात माझा विरोध त्यालाच आहे. डक्टमध्ये जे औषध धूर करून सोडतात ते पत्र्यावर बसतं आणि दुसऱ्या दिवशी पंखा सुरू झाला की थेट सासूबाईंच्या पलंगावर येतं. जंतुनाशकांच्या वाफेनं दम्याचा झटका येऊ शकतो. शिवाय धुळीच्या थरावर फवारलेलं औषध खाली पोचतच नाही, आणि धूळच काढली तर बुरशीला खायला काही उरत नाही, मग औषध कशाला? फोम किंवा ग्लास वूल लावलेल्या भागात तर मुळीच नको; त्यात बुरशी शिरली की तो भाग बदलणं हाच उपाय आहे. त्या गृहस्थांना औषधाचं नाव आणि त्याचं सुरक्षा पत्रक लेखी मागा. ‘हर्बल आहे मॅडम’ एवढंच उत्तर आलं तर विषय संपला. ओझोनचं मशीन लावून देतो असं कुणी म्हणालं तर त्यालाही नको म्हणा. ओझोन स्वतःच फुफ्फुसांना त्रास देतो.

बुरशीला खरं काय लागतं? ओल. एसीच्या कोरड्या पत्र्यात ती सहसा धरत नाही, पण कूलरचा डक्ट रोज दमट हवा वाहतो आणि पॅडमधून उडालेले थेंबही त्यात जातात. रात्री कूलर बंद करून झोपलो की ती ओल आतच राहते. म्हणून कूलर बंद करायच्या आधी पंप बंद करा आणि पंखा पंधरा-वीस मिनिटं तसाच चालू द्या. पॅड वाळतात, डक्ट वाळतो. फुकटचा उपाय आहे आणि कुठल्याही फवारणीपेक्षा चांगला. पंप आणि पंख्याचे स्विच वेगळे नसतील तर इलेक्ट्रिशियनकडून वेगळे करून घ्या.

मग एकदा गच्चीवर जाऊन कूलरभोवती फिरून या. तो हवा कुठून ओढतोय? आपल्याकडे कूलर ठेवायची जागा ठरते ती जिना आणि नळाच्या सोयीनं, आणि बरोबर शेजारी संडासाच्या पाइपचं तोंड निघालेलं असतं. किंवा पाण्याच्या टाकीखाली कबुतरांची वसाहत. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची भुकटी रोज श्वासात जात राहिली तर काहींच्या फुफ्फुसाला कायमची इजा होते, दमा नसलेल्यांच्यासुद्धा. ती जागा आधी ओली करून, तोंडाला मास्क बांधून साफ करून घ्या, कोरडी झाडू नका. तिथे जाळी लावा. संडासाच्या पाइपला कोपर लावून तो उंच आणि दूर न्या. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर संध्याकाळी कचरा पेटवत असतील, किंवा भांडेवाडीच्या डंपिंग यार्डला आग लागून वारं तुमच्याकडे फिरलं असेल, तर तेवढा वेळ कूलर बंदच ठेवा. पॅड जाडी धूळ थोडीफार पकडतात, धुराचे बारीक कण नाहीत.

एक छोटी युक्ती. कूलर चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा आणि झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या जरा कमी उघडा. डक्टची हवा सगळ्या घरात दाब देते आणि ज्या बाजूला वाट मिळेल तिकडून बाहेर पडते. ती स्वयंपाकघरातून गेली तर फोडणीचा ठसका आणि धूर आपल्याबरोबर घेऊन जाते. उलट केलंत तर मिरच्यांची फोडणी सासूबाईंच्या खोलीत.

सासूबाईंबद्दल. घरात रात्री कॉइल लावता का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून विचारते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका मच्छर कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. बंद खोलीत दमेकऱ्याच्या उशाशी कॉइल लावून डक्टला दोष देणं काही बरं नाही. मच्छरदाणी लावा. देवघरातल्या धूप-उदबत्तीवर मी बोलले तर सासूबाईंना आवडणार नाही, पण देवापुढे दिवा राहू दे आणि उदबत्ती अंगणात तुळशीपाशी लावा, एवढं सांगून बघा. ग्रिलची हवा थेट त्यांच्या छातीवर येत असेल तर पाती वर वळवा किंवा पलंग सरकवा. आणि कूलर लावल्यापासून दम वाढलाय का, रात्री जाग येते का, इन्हेलर किती वेळा घ्यावा लागतो, हे आठवडाभर कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. फुफ्फुसाची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, बरेच दिवसांत झाली नसेल तर करून घ्या. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, छातीरोगाचा विभाग आहे.

एअर प्युरिफायर घेऊ का, असं तुमचे मिस्टर पुढच्या आठवड्यात विचारतीलच. कूलर चालू असेपर्यंत त्याचा उपयोग नाही, कारण कूलरला खिडकी उघडी लागते आणि प्युरिफायरला बंद. नागपूरची हवा खरी बिघडते ती हिवाळ्यात, थंड जड हवेत धूर खाली बसतो तेव्हा. आपल्याकडे पीएम 2.5 चं, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचं, 24 तासांचं प्रमाण 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत असावं असा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटना 15 म्हणते. नोव्हेंबरनंतर सासूबाईंची खोली बंद करून हेपाचा प्युरिफायर लावलात तर ते पैसे सार्थकी लागतील. 22,000 मधून वाचलेले त्यासाठी बाजूला ठेवा.

मुलीच्या सकाळच्या शिंका मला डक्टच्या वाटत नाहीत. उठल्या उठल्या येणाऱ्या आणि तासाभरात थांबणाऱ्या शिंकांमागे बरेचदा गादीतले धूळकिडे असतात, आणि त्यांना कूलरचा दमटपणा फार मानवतो. उशांचे अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा 60 अंशाच्या कढत पाण्यात धुवा. गादी गच्चीवर नवतपाच्या उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा आणि तिथेच झोडपून आणा. नागपूरचं ऊन यासाठी तरी कामाला येऊ द्या. पलंगावर कापसाच्या खेळण्यांचा ढीग असेल तर त्यातलं एकच, तिच्या आवडीचं, धुऊन ठेवा. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की कूलरनं गारवा येत नाही, नुसती ओल वाढते. तेव्हा पंप बंद.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून काथ्यानं घासा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पावसाळ्यात मनपाचे लोक घरोघरी कूलर तपासत फिरतात ते याचसाठी. हंगाम संपला की टाकी कोरडी, खस कचऱ्यात, पट्टा सैल, आणि डक्टच्या गच्चीवरच्या तोंडाला पत्र्याचं झाकण. आत बारीक जाळी बसवून घेतलीत तर उंदीर-पाखरांचा प्रश्न मिटेल. पुढच्या होळीला पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा पलंग झाकून, सगळी दारं-खिडक्या सताड उघडून, घरात कुणी नसताना अर्धा तास कोरडा पंखा चालवा.

मिस्टरांना व्हिडिओ दाखवा, माझं पत्र नको. डक्टच्या आत काय आहे ते त्यांनी स्वतः बघितलं की पुढचं बोलणं सोपं जाईल.

काकूंचं फिनेल मात्र अजिबात नको. टाकीत टाकलेलं सगळं पॅडवरून वाऱ्याबरोबर थेट नाकात जातं. फिनेल, डांबर गोळी, कापूर, तुमच्या डक्टवाल्यांचं औषध, सगळ्यांना हाच नियम. वाळ्याचं अत्तरसुद्धा सासूबाई घरात असेपर्यंत टाकू नका. खस नवी असेल तर तिचा वास तसाही पुरतो.